कात्री लावायच्या आधी: बेटकास्टरचा गुंता सोडवायला शिकले त्याची हकिगत

मासे धरायच्या रॉडवर लाइन (तंगूस) गुंडाळायला जे यंत्र बसवतात त्यातला एक प्रकार म्हणजे बेटकास्टिंग रील, थोडक्यात बेटकास्टर. ते हौसेने घेतलं, दोनचार वेळा वापरलं आणि मग कपाटात ठेवून दिलं असे बरेच जण मला माहीत आहेत. कारण विचारलं की सगळ्यांचं एकच, लाइनचा गुंता होतो आणि सोडवता सोडवता दिवस जातो. माझ्याही वाट्याला ते सगळं आलं आणि आता त्यातून बऱ्यापैकी बाहेर पडले आहे, म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवते. मला सुरुवातीला कुणी हे सलग सांगितलं असतं तर खूप लाइन वाचली असती.

मी आधी कायम स्पिनिंग रील वापरायचे. त्यात स्पूल, म्हणजे ज्याच्यावर लाइन गुंडाळलेली असते ते रीळ, जागेवर स्थिर असतं आणि लाइन त्याच्या कडेवरून वेटोळ्या वेटोळ्यांनी सुटत जाते, त्यामुळे ल्युअर (लाइनच्या टोकाला बांधलेलं नकली आमिष) थांबला की लाइनही आपोआप थांबते. बेटकास्टर घ्यायचं ठरवलं कारण जाड लाइन, जड ल्युअर आणि झुडपाच्या बरोबर बुडाशी नेमका ल्युअर टाकणं ही कामं त्याने जास्त चांगली होतात, अंगठा थेट स्पूलवर असतो त्यामुळे ल्युअर हवेत असतानाही त्याचा वेग हातात राहतो. जानेवारीच्या शेवटी रील हातात आलं. बॉक्समधलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं, त्यात प्रत्येक नॉबचं नाव होतं पण गुंता झाला तर काय करायचं यावर एक ओळ नव्हती!

तर आधी गुंता होतो का ते सांगते, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. बेटकास्टरमध्ये कास्ट करताना, म्हणजे रॉडने ल्युअर लांब फेकताना, अख्खं स्पूल गरागरा फिरतं. ल्युअर लाइन ओढतो, लाइन स्पूलला फिरवते. पण ल्युअर हवेत गेल्यावर हवेच्या अडथळ्याने हळू व्हायला लागतो, स्पूलला मात्र कुणी सांगत नाही की आता हळू हो, ते आपल्या वेगात फिरतच राहतं आणि बाहेर जाणाऱ्या लाइनपेक्षा जास्त लाइन सोडतं. पतंगाची ढील एकदम थांबली आणि फिरकी फिरतच राहिली की मांजा कसा फिरकीवरच सैल होऊन फुगतो, अगदी तसंच. ती फुगलेली लाइन मग बाहेर जाणाऱ्या लाइनला अडकते, वेढे एकमेकांखाली दाबले जातात, आणि झाला बॅकलॅश. साधा हिशोब करून बघा, स्पूलचा व्यास 34 मिमी धरला तर परीघ साधारण 10 ते 11 सेंमी, आणि ल्युअर सेकंदाला 20 मीटर वेगाने सुटला तर स्पूलला सेकंदाला जवळजवळ 190 फेऱ्या माराव्या लागतात. एवढ्या वेगात जरासा फरक पडला तरी पापणी लवायच्या आत कितीतरी फास उभे राहतात. त्यामुळे गुंता झाला म्हणजे आपल्याला जमत नाही असं अजिबात मनात आणू नका, या यंत्राचा स्वभावच तो आहे.

आणि ही अडचण काही आजची नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीमध्ये जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने गिअरवाली रील बनवायला सुरुवात केली, बेटकास्टरचं मूळ तिथलं समजतात, आणि त्या काळी ब्रेक म्हणजे फक्त माणसाचा अंगठा. स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 साली घेतलं. म्हणजे त्याआधी फिरत्या स्पूलने कास्ट करणारे लोक पिढ्यानपिढ्या हाच गुंता सोडवत बसत होते. मला हे वाचून फार धीर आला होता.

आता लाइन भरण्यापासून. अनुभवी लोकांनी सांगितलं की पहिली लाइन मोनोच घे, म्हणजे नायलॉनची, साधं तंगूस. 0.33 मिमीच्या आसपास जाडीची, 12 ते 14 पौंडी, म्हणजे साधारण तेवढ्या पौंडांचा ताण सोसणारी. फ्लुरोकार्बन (दुसऱ्या एका प्लास्टिकचं तंगूस) ताठ असतं, स्पूलवरून उसळून उठतं, आणि त्याला एकदा बारीक मोड पडली की तिथे ते कमजोर होतं. ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाइन, मऊ असते पण सैल भरली तर स्वतःच्याच थरांमध्ये रुतते. मोनो स्वस्तातलं, थोडं ताणलं जाणारं आणि डोळ्याला नीट दिसणारं, गुंता सोडवताना फास कुठला कुठून आला ते कळतं. हा सल्ला अगदी बरोबर निघाला, आणि त्यातही पारदर्शक न घेता रंगीत मोनो घेतलं तर डोळ्यांवर खूप कमी ताण येतो.

भरताना लाइन ताणात असली पाहिजे. ओलं फडकं घेऊन त्यातून लाइन बोटांनी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं, म्हणजे थर घट्ट बसतात आणि लाइन तापत नाही. स्पूल काठोकाठ भरायचं नाही, काठापासून साधारण 3 मिमी खाली थांबायचं. मी तर पहिल्यांदा त्याहूनही कमी भरली, कारण सरावाला 100 मीटर लाइन लागत नाही, आणि कमी लाइन म्हणजे स्पूलही हलकं आणि गुंता झालाच तर तोही उथळ.

मग सेटिंग. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन माणसाचा इथेच गोंधळ उडतो. हँडलच्या बाजूला स्टार ड्रॅग असतो, म्हणजे मासा ओढायला लागला की किती ताणाला लाइन सुटेल ते ठरवणारं चांदणीसारखं चाक. त्याच्या शेजारी जो छोटा नॉब असतो तो स्पूलच्या टोकावर दाब देतो, त्याला कास्ट कंट्रोल किंवा स्पूल टेन्शन म्हणतात. आणि हँडलच्या विरुद्ध बाजूला ब्रेक असतात. ते दोन प्रकारचे, एक चुंबकाचे, ज्यात चुंबक स्पूलला न टेकताच त्याला अडवतात आणि बाहेर आकडे असलेली डायल असते, आणि दुसरे सेंट्रीफ्यूगल, ज्यात स्पूल जोरात फिरलं की छोटे ठोकळे बाहेर सरकून एका रिंगवर घासतात. सेंट्रीफ्यूगलवाल्यात साइड प्लेट उघडून ठोकळे चालू-बंद करावे लागतात आणि ते समोरासमोरच्या जोडीनेच चालू करायचे, नाहीतर स्पूलचा तोल बिघडतो आणि ते थरथरतं. माझं चुंबकाचं होतं.

टेन्शनसाठी ल्युअर बांधायचा, रॉड पुढे तिरका धरायचा, थंबबार (स्पूल मोकळं सोडणारी अंगठ्याजवळची पट्टी) दाबायचा आणि ल्युअर आपल्या वजनाने खाली येऊ द्यायचा. तो सावकाश उतरला पाहिजे, आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबलं पाहिजे. टेकल्यावरही स्पूल फिरत राहून लाइन फुगली तर नॉब थोडा आवळायचा. ल्युअर बदलला, वजन बदललं की हे परत करायचं. अर्धं मिनिट लागतं. ब्रेकची डायल मी जवळजवळ पूर्ण चढवून ठेवली होती.

सराव मोकळ्या मैदानात केला, पाण्यावर नाही, आणि गळ नसलेला 14 ग्रॅमचा सरावाचा प्लग, म्हणजे ल्युअरऐवजी नुसतं वजन, बांधून. हलका ल्युअर सोपा असेल असं वाटतं पण उलट आहे, हलक्या ल्युअरमध्ये स्पूलला ओढत नेण्याचा जोरच नसतो. 7 ग्रॅमच्या खालचं काही साध्या बेटकास्टरला बांधायचं मी सुरुवातीला मनातही आणू नये असं सगळ्यांनी बजावलं होतं.

आणि तरीही गुंता झाला. पहिले काही कास्ट जेमतेम पुढे पडले, मग एक जरा जोरात गेला आणि खर्रर्र असा आवाज येऊन प्लग हवेतच झटका खाऊन मागे आला. रीलमध्ये बघते तर स्पूल दिसतच नव्हतं, नुसता तंगुसाचा पुंजका, काही फास वर उभे, काही लेव्हल वाइंडच्या (लाइन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या सरकत्या भागाच्या) आसपास लोंबणारे. पोटात गोळा आला अक्षरशः. बसून एकेक फास नखाने ओढत राहिले, एक मोकळा झाला की दोन घट्ट व्हायचे. ऊन चढलं, मान दुखायला लागली, आणि शेवटी कात्रीच चालवावी लागली. निम्मी लाइन गेली त्यात. तेव्हा मनात आलंच होतं की आपलं स्पिनिंग काय वाईट होतं.

पुढचे काही रविवार असेच गेले. कधी पाच मिनिटात सुटायचं, कधी तासभर लागायचा आणि मग परत लाइन कापायची. लाइन कापत गेलं की स्पूल रिकामं होत जातं, मग कास्ट आणखी आखूड पडतो, मग माणूस आणखी जोर लावतो आणि परत गुंता. हे चक्र सगळ्यांनाच घालवतं असं मला वाटतं, खरा खर्च रीलचा नसतो, तो या लाइनचा आणि वेळेचा असतो.

फेब्रुवारी संपताना एका सकाळी पाण्याकाठी गेले होते. शेजारी एक काका शांतपणे कास्ट करत होते, त्यांचंही बेटकास्टरच. माझा गुंता झाला आणि मी लाइनचं बाहेरचं टोक धरून ओढायला लागले तसे ते तिथूनच म्हणाले, "ताई, ओढू नका. थांबा जरा."

मी म्हटलं, "काका, हा तर पार आतपर्यंत गेलाय, कापावाच लागणार."

"कापायचं नंतर बघू. आधी मला सांगा, यात गाठ कुठे आहे?"

मी बघत राहिले. ते म्हणाले, "लाइनचं एक टोक स्पूलला बांधलेलं, दुसरं ल्युअरला. दोन्ही टोकं बांधलेली असताना निरगाठ बसणार कशी? हे सगळे नुसते एकमेकांखाली दबलेले फास आहेत. गाठ होते कधी, तर आपण मध्येच कापतो आणि ते मोकळं टोक कुठल्यातरी फासातून खालीवर करतो तेव्हा."

हे ऐकलं आणि माझ्यासाठी सगळं बदललं. मी इतके दिवस गाठी सोडवायला बसत होते, आणि गाठी तिथे नव्हत्याच.

मग त्यांनी जे करून दाखवलं ते नीट लिहिते, कारण हेच या सगळ्यातलं सगळ्यात उपयोगाचं आहे. आधी स्टार ड्रॅग पूर्ण आवळायचा, अगदी फिरेनासा होईपर्यंत. मग हँडल थोडं फिरवून क्लच बसवायचा, म्हणजे स्पूल परत हँडलला जोडलं जातं, टक असा आवाज येतो. आता अंगठा गुंत्यावर ठेवायचा आणि चांगला जोरात दाबायचा, अगदी मनापासून, आणि तसाच दाबून धरून हँडल दोनतीन फेरे पुढे फिरवायचं. स्पूल अंगठ्याखालून सरकतं, वरचे फास दाबून चपटे होतात आणि मागे सरकतात, आणि जो फास बाहेर जाणाऱ्या लाइनला आवळून बसलेला असतो तो सैल पडतो. ड्रॅग आवळायचा तो याचसाठी, नाहीतर अंगठ्याच्या दाबाने ड्रॅग घसरतो आणि हँडल फिरलं तरी स्पूल जागचं हलत नाही. मग थंबबार दाबून स्पूल मोकळं करायचं आणि लाइन हलक्या हाताने बाहेर ओढायची. बरीच लाइन सुरसुर येते. अडकली की तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही, परत हँडल फिरवून क्लच बसवायचा, परत अंगठा, परत दोनतीन फेरे, परत ओढायचं.

माझ्या डोळ्यासमोर तो गुंता सुटला, आणि मी तो कापायला निघाले होते.

शेवटी शेवटी एक जागा मात्र अडून बसली. काकांनी रील माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, "आता ओढा आणि बघा, लाइन नक्की कुठे अडकते." हळू ओढलं तर दिसलं, बाहेर येणारी लाइन एका ठिकाणी स्पूलच्या आत खाली जात होती आणि तिच्यावर एक फास आडवा पडला होता, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, त्याची दोन्ही टोकं थरात शिरलेली. लाइन ओढली की व्ही आणखी आवळायचा. तेव्हा लाइन न ओढता तो व्हीच टोकाकडून उचलायचा, बोटाने किंवा टूथपिकने, आणि स्पूलच्या बाहेर ओढून मोठा करायचा. तो मोठा झाला की खालची लाइन आपोआप मोकळी होते. म्हणजे ओढायचा तो अडवणारा फास, अडकलेली लाइन नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की परत विसरत नाही.

काम झाल्यावर ड्रॅग परत सैल करून नेहमीच्या जागी आणायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ड्रॅग पूर्ण आवळलेला राहिला आणि मोठा मासा लागला तर लाइन थेट तुटते. मी आता गुंता सुटल्या सुटल्या, पुढचा कास्ट करायच्या आधी, लाइन हाताने ओढून ड्रॅग तपासते.

या पद्धतीने माझे जवळजवळ सगळे गुंते सुटायला लागले. जवळजवळ म्हणते, कारण मार्चमध्ये एक असा झाला की अंगठा-हँडल करूनही काही हलेना. हँडल फिरवताना स्पूल जड लागत होतं, काहीतरी घासत होतं. तेव्हा जास्त जोर न लावता मी रील घरी आणलं. टेबलावर पांढरा कागद पसरला, दिवा जवळ ओढला, साइड प्लेट उघडली आणि स्पूल बाहेर काढलं. (प्लेट उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, छोटे भाग निसटले तर कुठे काय होतं ते कळतं.) बघते तर लाइनचा एक वेढा स्पूलच्या काठावरून पलीकडे उतरून थेट दांड्याभोवती गुंडाळला गेला होता, स्पूल आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत, आणि तिथे घासून लाइन पांढरट, खरखरीत झाली होती. बाहेरून हे दिसणं शक्यच नव्हतं. स्पूल हातात आल्यावर तो वेढा बोटाने काठावरून परत आत घेतला आणि बाकीचं दहा मिनिटात सुटलं. त्यामुळे स्पूल फिरताना घासल्यासारखं वाटलं तर तिथे हँडलवर जोर अजिबात करू नका, आतून बघा.

अवजारांचंही सांगते. पिन, सुई, चाकूचं टोक यांनी फास उचलायचा मोह होतो पण त्याने लाइनला ओरखडा पडतो आणि तो दिसत नाही. लाकडी टूथपिक किंवा प्लास्टिकची क्रोशाची सुई सगळ्यात बरी. आणि खरोखरच कापायची वेळ आली तर स्पूलवर आडवं पातं ओढू नका, स्पूल ॲल्युमिनियमचं असतं, त्याला खाच पडली की ती खाच पुढे प्रत्येक वेळी लाइन कातरते. फास थोडे वर उचलून कात्रीने कापायचे.

गुंता सुटला म्हणजे काम संपलं असं मात्र नाही, आणि हे मला एका आवडत्या ल्युअरच्या बदल्यात कळलं. लाइन मोकळी झाली, परत गुंडाळली, जोरात कास्ट केला आणि टप्प असा आवाज येऊन ल्युअर एकटाच लांब निघून गेला, लाइन इथेच. गुंत्यात जिथे लाइन दुमडली गेली होती तिथेच ती तुटली होती. आता मी सुटलेली सगळी लाइन दोन बोटांच्या चिमटीतून हळू सरकवते. मोड पडलेली किंवा खरखरीत जागा बोटाला लगेच लागते. ती टोकाकडे असेल तर तिथपर्यंतची लाइन कापून ल्युअर परत बांधायचा. मध्येच खोल असेल तर मोनोला एकवेळ हलकी वळणं चालतात पण पांढरी झालेली जागा चालत नाही. फ्लुरोकार्बनला तर मोड दिसली की विचार न करता कापलेली बरी.

आणि लाइन परत भरताना ताण द्यायचाच. गुंता सोडवून सैल लाइन तशीच गुंडाळली की पुढचा गुंता तिथेच तयार होऊन बसलेला असतो. पाण्याकाठी ओलं फडकं नसेल तर रीलच्या पुढे लाइन दोन बोटांत दाबून धरून गुंडाळली तरी पुरतं, आणि मग एक बेताचा लांब कास्ट करून ती पाण्यातून ओढून घ्यायची.

एप्रिलपासून माझा रोख सोडवण्यापेक्षा टाळण्यावर गेला. सगळ्यात कामाला आली ती टेपची युक्ती. आपल्याला जेवढा कास्ट हवा त्याच्यापेक्षा थोडी जास्त लाइन बाहेर काढायची आणि स्पूलवर उरलेल्या लाइनवर इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा एक तुकडा आडवा लावायचा, मग लाइन त्याच्यावरून गुंडाळायची. गुंता झालाच तर पट्टीच्या खाली जाऊच शकत नाही. याने भीती एकदम कमी झाली आणि भीती कमी झाली की हात सैल पडतो, हात सैल पडला की कास्ट सुधारतो. फक्त मासे धरायला जाताना पट्टी काढा, कारण मोठ्या माशाने लाइन पट्टीपर्यंत नेली तर तिथे अडते.

दुसरं म्हणजे झटका देणं बंद केलं. रॉड मागे नेऊन ल्युअरच्या वजनाने तो वाकू द्यायचा आणि मग एकसारख्या वाढत्या वेगाने पुढे आणायचा. झटक्याने स्पूल पहिल्या क्षणालाच नको तेवढा वेग घेतं. डोक्यावरून मारण्यापेक्षा कडेने, मनगट गोल फिरवून केलेला कास्ट मला लवकर जमला, त्यात ल्युअर खालून सपाट जातो आणि वाऱ्यालाही कमी सापडतो.

आणि अंगठा. ल्युअर हवेत असताना अंगठा स्पूलपासून केसभर वर ठेवायचा, फुगायला लागलेली लाइन अंगठ्याला आधी लागते, डोळ्याला नंतर दिसते. लागली की नुसता स्पर्श करायचा. आणि ल्युअर पाण्याला टेकायच्या क्षणी मात्र अंगठा पूर्ण दाबून स्पूल थांबवायचंच, कारण तिथे ल्युअर एकदम थांबतो आणि ब्रेक कितीही चांगला असला तरी स्पूल थोडं पुढे पळतंच. सुरुवातीला अंगठ्याचं कातडं चांगलं भाजतं, एक-दोन दिवस जपावं लागतं.

ब्रेक मी एकदम कमी केले नाहीत. डायल एका आकड्याने खाली आणायची आणि त्याच सेटिंगवर बराच वेळ कास्ट करायचे, गुंता न होता सगळं सुरळीत गेलं तरच पुढचा आकडा. टेन्शनचा नॉबही हळूहळू सैल केला, आता तो स्पूल आडवं हलू नये एवढाच आवळलेला असतो, बाकी काम ब्रेक आणि अंगठा करतात. एक दिवस समोरून जोराचा वारा होता आणि आधी नीट जाणारा कास्ट परत फुगायला लागला. समोरच्या वाऱ्यात ल्युअर लवकर हळू होतो, म्हणून तेव्हा डायल दोन आकडे वर चढवायची, जड आणि सडपातळ ल्युअर बांधायचा आणि कास्ट खालून मारायचा. किंवा सरळ जागा बदलून वारा पाठीवर घ्यायचा, सरावाच्या दिवसांत हेच सगळ्यात शहाणपणाचं.

हल्ली असे रील मिळतात ज्यात स्पूलचा वेग मोजून चिप ब्रेक लावते. एका ओळखीच्याचं मी वापरून बघितलं, गुंते खरंच खूप कमी होतात. पण ते घ्यायच्या आधी साध्या रीलवर अंगठा तयार करावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ल्युअर फांदीला आपटून हवेतच थांबला तर चिपलाही वेळ मिळत नाही आणि गुंता झालाच तर सोडवायचा आपल्यालाच असतो.

मे महिन्यात ब्रेड भरून बघितली. तिची तऱ्हा वेगळी आहे. फुगून होणारा गुंता तिच्यात खरं तर लवकर सुटतो कारण ती मऊ असते आणि मोड धरत नाही. पण ल्युअर कुठे तळाला अडकला आणि आपण रॉडने जोर लावला की वरचा वेढा खालच्या थरात रुतून बसतो, पुढच्या कास्टला लाइन तिथे अडते आणि स्पूल जागच्या जागी थांबून झटक्यात गुंता होतो. म्हणून ल्युअर अडकून जोर लावावा लागला तर पुढचा कास्ट करायच्या आधी रुतलेल्या जागेच्या पलीकडेपर्यंत लाइन हाताने बाहेर ओढून परत ताणात गुंडाळते. ब्रेडच्या तळाशी थोडी मोनो भरली आहे, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडचा अख्खा गठ्ठाच गोल घसरतो आणि ड्रॅग बिघडला की काय असं वाटत राहतं.

आता परिस्थिती अशी आहे की गुंता अजूनही होतो, वारा असला किंवा नवा ल्युअर बांधला की हमखास, पण बहुतेक वेळा लाइन हाताने ओढली की सुटतो आणि नाही सुटला तर अंगठा-हँडल. कात्री बॅगेत असते, तिचं काम फक्त ल्युअर परत बांधताना लागतं. सोबत टूथपिक, चिकटपट्टी, ओलं करायला फडकं आणि झाकण लागणारी एक छोटी डबी. कापलेली लाइन त्या डबीत जाते. तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही, पाण्याकाठी पडलेल्या फासात पक्ष्यांचे पाय अडकतात आणि त्यांना ते सोडवता येत नाही, त्यामुळे डबी घरी रिकामी करताना मी त्या लाइनचे बोटभर लांबीचे तुकडे करते आणि मगच कचऱ्यात टाकते.